सैनिकी सेवा आणि महाविद्यालयीन शिक्षण

बारावीचा निकाल लागला की मोरजीपासून पेडण्यापर्यंत पुष्कळ घरांत एकच प्रश्न निघतो. मुलगा धडधाकट आहे, पहाटे उठून किनाऱ्यावर धावतो, शाळेत असताना संचलनात पुढे होता, आणि सैन्यात जाण्याची त्याची मनापासून इच्छा आहे. आईवडिलांना त्याच्या इच्छेचा अभिमान आहे, पण त्यांची दुसरीही एक इच्छा आहे. घरात आजवर कोणी पदवीधर झाला नाही, तो ह्या मुलाने व्हावे. मग घरात तट पडतात. एक म्हणतो, आधी भरती गाठ, वय निघून जाईल. दुसरा म्हणतो, आधी पदवी घे, वर्दी काही पळून जात नाही. मुलगा बिचारा दोघांच्या मध्ये उभा!

हा तंटा पुष्कळसा अपुऱ्या माहितीतून उत्पन्न होतो असे आमचे मत आहे. सैनिकी सेवा आणि महाविद्यालयीन शिक्षण ह्या दोन निराळ्या वाटा असून त्यांपैकी एकच धरता येते, असे आपण गृहीत धरून बसलो आहो. वस्तुस्थिती तशी नाही. ह्या दोहोंचा मेळ घालण्याच्या निदान तीन वाटा आज आपल्या देशात उघड्या आहेत. त्या कोणत्या, त्यांवर काय लागते, काय मिळते आणि कोठे पाय घसरतो, हे आपल्या ट्रस्टच्या सभासदांपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहो.

लष्कर आणि विद्या: जुना संबंध

पलटण आणि पाटी ह्यांचे नाते आजचे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे मूळचे आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावच्या घराण्यातले. ते सैन्यात होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला. त्या काळी शिपायांच्या व त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय लष्करात होती, आणि ज्या घरांना गावच्या शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती त्या घरांत अक्षरओळख शिरली ती पुष्कळ अंशी ह्या पलटणींच्या द्वारे. पुढे १८९० नंतरच्या दशकात महार समाजाची भरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबर विद्येचे हे दारही लागले. सैनिकी सेवा ही घराण्याच्या शिक्षणाची पहिली पायरी कशी होऊ शकते, आणि ती काढून घेतली तर काय जाते, हे ह्या एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

आपल्या गोव्यातही असे एक प्रकरण घडले आहे. पोर्तुगीज अमलात १८१७ साली येथे लष्करी अकादमी निघाली आणि १८४१ साली तिच्या जागी गणित व सैनिकी शिक्षणाची शाळा आली. नाव सैनिकी, पण शिकवणूक गणिताची, आरेखनाची, मोजणीची व बांधकामाची. लष्करात जाणाऱ्याला जे गणित लागते तेच रस्ते आणि पूल बांधणाऱ्यालाही लागते, ही गोष्ट त्या शाळेने ओळखली होती. १८७१ साली बंडाळीनंतर पोर्तुगीज सरकारने येथील सैन्य मोडले आणि त्याबरोबर ती शाळाही बंद झाली. म्हणजे गोव्यात सैनिकी शिक्षण व उच्च शिक्षण एका छपराखाली नांदण्याचा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला आहे.

स्वातंत्र्यानंतरचीही एक आठवण द्यावी. पणजीच्या समोर, मांडवीच्या पलीकडच्या तीरावर वेरे येथे 'मांडवी' ह्या नौदल तळावर १९८६ पासून २००९ पर्यंत भारतीय नौदलाची अकादमी होती. तेवीस वर्षे देशभरचे तरुण येथे येऊन नौदलाचे अधिकारी होत होते. २००९ साली ती केरळात एळिमला येथे गेली. होडीत बसून जाता येईल एवढ्या अंतरावर ती असताना आपल्या तालुक्यातील किती मुलांना तिचे नाव ठाऊक होते, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

पहिली वाट: सैन्याच्या खर्चाने पदवी

पहिल्या वाटेत मुलगा बारावीनंतर थेट सैन्याच्या शिक्षणसंस्थेत जातो आणि तेथेच पदवीधर होतो. हिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. १९४९ साली तिची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली व जानेवारी १९५५ मध्ये तिचे उद्घाटन झाले. तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र शिकतात. ह्या तीन वर्षांत कवायत, पोहणे, घोडदौड आहेच, पण सकाळचे तास महाविद्यालयाप्रमाणे वर्गात जातात, आणि शेवटी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी हाती पडते. त्यानंतर आपापल्या दलाच्या अकादमीत सुमारे एक वर्षाचे प्रशिक्षण होते. भूदलाच्या डेहराडून अकादमीतील त्या वर्षात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन असते. आधीच्या तीन वर्षांत पगार नसतो, परंतु शिक्षण, निवास, भोजन व गणवेश ह्यांचा भार सरकार उचलते. कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांस किरकोळ खर्चासाठी साह्य देण्याचीही तरतूद आहे.

प्रवेशासाठी संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. पणजी हे तिचे एक केंद्र आहे, त्यामुळे परीक्षेसाठी दूर जावे लागत नाही. वय साधारणपणे साडेसोळा ते साडेएकोणीस असावे लागते व उमेदवार अविवाहित हवा. लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. त्यांपैकी ३०० गुण गणिताला आणि ६०० गुण सामान्य क्षमतेच्या पेपराला असून त्यात इंग्रजी, विज्ञान, इतिहास, भूगोल व चालू घडामोडी येतात. ती उत्तीर्ण झालेल्यांची निवड मंडळापुढे पाच दिवस पारख होते. तिलाही ९०० गुण आहेत. तेथे पाठांतर चालत नाही. दहाबारा जणांच्या गटात मुलगा कसा वागतो, अडचण आली की हातपाय गाळतो की मार्ग काढतो, दुसऱ्याचे ऐकून घेतो का, हे पाहिले जाते.

येथे दोन गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नयेत. भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण हवाईदल व नौदलासाठी विज्ञान शाखा लागते. शाखा कोणतीही असो, गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो. दहावीनंतर 'गणित सुटले एकदाचे' म्हणून सुस्कारा टाकणारा मुलगा त्याच दिवशी हे एक दार आपल्या हाताने लावून घेतो. दुसरी गोष्ट अशी की, प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदी ह्या दोनच भाषांत असते. मराठी माध्यमातील मुलाने ह्याची तयारी आठवीनववीपासून ठेवावी.

मुलींनाही हे दार आता उघडे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना ह्या परीक्षेस बसू देण्याचा आदेश दिला, २०२२ साली त्यांची पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली, आणि मे २०२५ मध्ये १७ मुली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. ज्या पालकांच्या मनात 'सैन्य म्हणजे मुलांचे काम' हे पक्के बसले आहे, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

ह्याच वाटेवर आणखी संस्था आहेत. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून चालू आहे. तेथे नीट परीक्षेच्या गुणांवर निवड होते आणि डॉक्टर झाल्यावर सैन्याच्या वैद्यकीय सेवेत काम करण्याचे बंधन असते. मुलींसाठी सैनिकी परिचारिका सेवेचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुणे, मुंबई इत्यादी ठिकाणी आहे. बारावीला भौतिक, रसायन व गणित घेऊन जेईई दिलेल्यांस भूदलाच्या तांत्रिक प्रवेशाने किंवा नौदलाच्या बी.टेक. प्रवेशाने अभियंता व अधिकारी दोन्ही होता येते. ज्या घराला वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शिक्षणाचा खर्च झेपणे शक्य नाही, त्या घराने ही दारे ठोठावल्यावाचून राहू नये.

दुसरी वाट: महाविद्यालयातच गणवेश

दुसरी वाट आपल्या मुलांना सर्वांत सोयीची, आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित, असे आमचे निरीक्षण आहे. ती म्हणजे एन.सी.सी. विद्यापीठांतून सैनिकी शिक्षण देण्याची पद्धत आपल्याकडे १९१७ च्या कायद्याने सुरू झाली व १९२० पासून तिला विद्यापीठ प्रशिक्षण पथकांचे रूप आले. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना जन्मास आली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ साली ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची झाली. १९६८ पासून ती पुन्हा ऐच्छिक आहे. आमच्या वडील पिढीतील जे कोणी त्या सक्तीच्या काळात शिकले, त्यांना खाकी गणवेश, पितळी बक्कल आणि रविवार सकाळची कवायत आठवत असेल.

आज छात्रसेनेत गेलेल्या विद्यार्थ्याला कवायती व शिबिरे पुरी केल्यावर दुसऱ्या वर्षी 'बी' व तिसऱ्या वर्षी 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. हे प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यासाठी नाही. 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळविलेला, पदवीला किमान ५० टक्के गुण असलेला तरुण किंवा तरुणी भूदलाच्या एन.सी.सी. विशेष प्रवेशासाठी अर्ज करू शकते, आणि ह्या प्रवेशास लेखी परीक्षा नाही. अर्जांची छाननी होऊन उमेदवार सरळ निवड मंडळापुढे जातो. निवड झाल्यास चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत सुमारे ४९ आठवड्यांचे शिक्षण असते. ते पुरे करणाऱ्यास मद्रास विद्यापीठाची संरक्षण व्यवस्थापन विषयातील पदव्युत्तर पदविकाही मिळते. नोकरी आरंभी दहा वर्षांची असून पुढे चार वर्षे वाढू शकते.

ज्यांच्याजवळ प्रमाणपत्र नाही पण पदवी आहे, त्यांच्यासाठी संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे. तीही वर्षातून दोनदा होते. शिवाय प्रादेशिक सेना नावाची एक व्यवस्था १९४९ पासून चालू आहे. तिच्यात आपला नेहमीचा व्यवसाय सांभाळून वर्षातील ठराविक काळ सैनिकी सेवा करता येते. अधिकारी म्हणून जाण्यास पदवी लागते आणि वयोमर्यादा ४२ पर्यंत आहे. म्हणजे ज्याची पहिली संधी हुकली, त्याला पुढेही एक खिडकी उघडी आहे.

पेडणे तालुक्यातील मुलाला ह्यासाठी पणजी गाठण्याचीही सक्ती नाही. विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये ह्यांच्या नावाचे सरकारी महाविद्यालय आहे, म्हापशास सेंट झेवियर महाविद्यालय आहे. महाविद्यालयात प्रवेश घेताना पालकांनी शाखा, फी आणि बसची वेळ विचारावी, तसेच 'येथे छात्रसेना आहे काय, जागा किती, भरती केव्हा' हेही विचारावे. पहिल्या वर्षी जो तिच्यात गेला नाही, त्याला तिसऱ्या वर्षी 'सी' प्रमाणपत्र आठवून उपयोग नाही.

तिसरी वाट: आधी सेवा, सोबत शिक्षण

तिसरी वाट ही आपल्या सामान्य घरांतील मुलांची. घरी धाकटी भावंडे आहेत, वडिलांची होडी किंवा रिक्षा आता चालवत नाही, आणि मुलाने लवकर कमावते व्हावे ही निकड आहे. अशा मुलाला तीन वर्षे महाविद्यालयात बसण्याचा सल्ला देणे सोपे, पाळणे कठीण. तो जवान म्हणून भरतीला जातो.

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हापासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. चार वर्षांच्या शेवटी प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम सेवेत घेतले जातात व बाकीचे परत येतात. ही गोष्ट पालकांनी आरंभीच नीट समजून घ्यावी. योजनेत मासिक वेतन पहिल्या वर्षी ३०,००० रुपये, मग ३३,०००, ३६,५०० व चौथ्या वर्षी ४०,००० असे ठरविले आहे. त्यांतून दरमहा ३० टक्के रक्कम कापून निधीत जाते, म्हणून पहिल्या वर्षी हाती २१,००० पडतात. चार वर्षांत जवानाचे सुमारे ५ लाख २ हजार जमतात, सरकार तेवढेच घालते, आणि व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये शेवटी एकरकमी मिळतात. त्यांवर प्राप्तिकर नाही. मात्र निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटीही नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याची आई मध्यंतरी आमच्याकडे आली होती. मुलगा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात आणि भरतीत नाव लागलेले. ती म्हणाली, "सर, पैसे येतील ते चांगलेच. पण चार वर्षांनी पोर परत आला तर तो बारावीचा बारावीच राहणार ना? बरोबरीचे सगळे तोवर पदवी घेऊन बसलेले असतील." आम्ही म्हटले, "वहिनी, तुम्ही विचारलेत तोच खरा प्रश्न. पैशाचा हिशेब सगळे करतात, ह्या चार वर्षांचा कोणी करत नाही." तिला आम्ही जे सांगितले तेच येथे लिहितो.

अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने तीन वर्षांचा खास पदवी अभ्यासक्रम आखला आहे. त्याचा विशेष असा की, पदवीला लागणाऱ्या श्रेयांकांपैकी निम्मे श्रेयांक सैन्यात मिळणाऱ्या प्रशिक्षणाबद्दल धरले जातात, आणि उरलेले निम्मे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य, पर्यटन अशा विषयांतून मिळवायचे असतात. पहिले वर्ष पुरे केल्यास प्रमाणपत्र, दुसरे केल्यास पदविका, तिसरे केल्यास पदवी. म्हणजे कवायतीच्या मैदानावर गाळलेला घामही अर्ध्या पदवीइतका मोलाचा धरला गेला. जो दहावीवरच भरती झाला, त्याला बारावी पुरी करण्याची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे आहे.

ज्याने महाविद्यालय मध्येच सोडले त्याचेही आधीचे वर्ष अगदी पाण्यात जात नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एक वर्ष पुरे करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र व दोन वर्षे पुरी करणाऱ्यास पदविका घेता येते, आणि मिळविलेले श्रेयांक श्रेयांकपेढीत जमा राहून पुढे परत शिक्षण घेताना उपयोगी पडू शकतात. म्हणून वर्ष अर्धवट टाकून न जाता, शक्य असेल तर परीक्षा देऊनच जावे आणि जाण्यापूर्वी महाविद्यालयाकडून श्रेयांकांची नोंद करून घ्यावी. कागदपत्रांच्या कामात आपली माणसे आळशी असतात, आणि त्याची किंमत पुढे फार पडते.

सेवेत राहून अधिकारी होण्याची जुनी परंपराही सांगितली पाहिजे. १९२९ साली नौगाव येथे किचनर कॉलेज निघाले. १९६० साली त्याचे आर्मी कॅडेट कॉलेज झाले. ते पुढे काही वर्षे पुण्यास होते, आणि १९७७ साली डेहराडूनला गेले. सेवेतील होतकरू जवानांना निवडून येथे तीन वर्षांचे पदवी शिक्षण दिले जाते व त्यानंतर एक वर्ष सैनिकी अकादमीत ठेवून त्यांना अधिकारी केले जाते. शिपाई म्हणून आत गेलेला मुलगा पदवीधर अधिकारी होऊन बाहेर पडतो. सैनिकी सेवा आणि महाविद्यालय ह्यांचा ह्याहून स्पष्ट संगम आम्हांस दुसरा दिसत नाही. ही निवड कठीण आहे, पण जो जवान बराकीत दिवा मालवण्यापूर्वी अर्धा तास पुस्तक उघडतो त्याला ती अशक्य नाही.

दीर्घ सेवा केलेल्या माजी सैनिकांसाठीही एक सवलत आहे. दहावी उत्तीर्ण होऊन पंधरा वर्षे सेवा केलेल्यास केंद्र सरकारच्या गट 'क' मधील, पदवी मागणाऱ्या पण तांत्रिक नसलेल्या राखीव जागांसाठी पात्र धरले जाते. तथापि ही नोकरीपुरती सवलत आहे, प्रत्यक्ष पदवी नव्हे. पुढे शिकायचे तर पदवीच हवी. हा भेद न कळल्याने फसगत होते.

परदेशातील एक धडा

दुसरे महायुद्ध संपत आले असता अमेरिकेपुढे प्रश्न होता की, लक्षावधी सैनिक घरी परततील तेव्हा त्यांचे काय करावे. पहिल्या महायुद्धानंतर बेकार सैनिकांचे जे हाल झाले ते लोक विसरले नव्हते. २२ जून १९४४ रोजी तेथे कायदा झाला आणि सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षणाचा लाभ घेतला. त्यांपैकी सुमारे २२ लाख महाविद्यालयांत व विद्यापीठांत गेले. शेतकऱ्यांची व कामगारांची मुले प्रथमच महाविद्यालयाच्या वर्गात बसली. त्या देशाला त्यातून अभियंते, शिक्षक व डॉक्टर मिळाले. ह्यातील मुद्दा पैशाचा नाही. सैनिकाचे शिक्षण हे समाजावरचे ऋण आहे असे तेथे मानले गेले, आणि ते फेडल्याने समाजच श्रीमंत झाला.

अडचणी कोठे येतात

वाटा आहेत म्हणून त्या सपाट आहेत असे कोणी समजू नये. पहिली अडचण गणित व इंग्रजीची. दुसरी माहितीची. जाहिरात निघते, मुदत संपते, आणि आपल्याला कळते ते नंतर. वय, उंची, गुण ह्यांच्या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर न राहता त्या त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचावी, आणि पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारात उभे करू नये.

तिसरी अडचण आमच्या किनाऱ्याची. मोसमात मोरजीच्या मुलाला शॅकवर, हॉटेलात, पर्यटकांची वाहतूक करण्यात रोख पैसा मिळतो, आणि आता मोप्याच्या विमानतळामुळे तालुक्यात नोकऱ्याही आल्या आहेत. श्रमाची कोणतीही कमाई हलकी नाही. परंतु सतराव्या वर्षी रोज संध्याकाळी खिशात नोट आली की पुस्तक मागे पडते, आणि पाऊस लागून मोसम संपतो तेव्हा नोटही जाते व वर्षही.

चौथी अडचण एकटेपणाची. दूर सीमेवर, चौकी आणि पहारा सांभाळून मुक्त विद्यापीठाचा स्वाध्याय लिहिणारा जवान अगदी एकटा असतो. त्याला विचारणारा कोणी नसतो. पहिल्या वर्षी उत्साहाने नाव नोंदवून दुसऱ्या वर्षी सोडून देण्याचे प्रकार ह्यामुळेच घडतात. घरच्यांनी फोनवर 'जेवलास काय, थंडी आहे काय' हे जसे विचारावे, तसेच 'स्वाध्याय पाठवलास काय' हेही विचारावे.

ट्रस्टने काय करावे

आता आपल्या घरची गोष्ट. महोत्सवी वर्षात आपण मागच्या कार्याचा आढावा घेतो, तसा पुढचाही विचार करावा. साधारणतः अशा संस्थांची शिष्यवृत्ती महाविद्यालयाच्या हजेरीपटाला बांधलेली असते. विद्यार्थी वर्गात आहे तोवर मदत चालू, तो भरतीला गेला की मदत बंद, कारण तो 'नोकरीला लागला'. आम्हांस हे न्याय्य वाटत नाही. जो मुलगा सेवेत राहून पदवीचा अभ्यास चालू ठेवतो तो विद्यार्थीच आहे. त्याला पैशाची गरज थोडी असेल, पण आपल्या माणसांनी आपले नाव यादीतून खोडले नाही ह्या आधाराची गरज फार आहे.

म्हणून आमच्या सूचना चार आहेत. सेवेत गेलेल्या मुलाचे नाव शिष्यवृत्तीच्या यादीत ठेवावे व त्याची मुक्त विद्यापीठाची वार्षिक फी, पदवी पुरी होईपर्यंत, ट्रस्टने भरावी. दर वर्षी मे महिन्यात आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी गणित व इंग्रजीचा विनामूल्य वर्ग चालवावा. त्यासाठी आम्ही शिक्षक मंडळी वेळ देण्यास तयार आहो. सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या आपल्या भागातील बंधूंना वर्षातून दोनदा बोलावून मुलांशी त्यांची गाठ घालून द्यावी, कारण त्यांच्या तोंडची एक गोष्ट आमच्या दहा व्याख्यानांपेक्षा अधिक पटते. आणि एका सभासदाकडे जाहिरातींवर लक्ष ठेवण्याचे काम सोपवून त्या मशिदीच्या, देवळाच्या, चर्चच्या व ग्रामपंचायतीच्या फलकांवर वेळेत लावाव्यात. ह्यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलाने सैन्यात जावे की नाही, हा निर्णय त्याचा व तुमचा. त्यात आम्ही पडत नाही. सैनिकी सेवेत जिवाची जोखीम आहे, ती लपवून कोणाला गोड सल्ला देणे आम्हांस मंजूर नाही. परंतु जायचे ठरल्यावर 'आता शिक्षण संपले' हे वाक्य मात्र घरात उच्चारू नका. आमच्या घरी इल्म म्हणतात, शेजारच्या घरी विद्या म्हणतात. शब्द कोणताही असो, ती वर्दी चढवल्याने सुटत नाही आणि वर्दी उतरवल्यावर सोबत राहते. चार वर्षांनी असो वा वीस वर्षांनी, ईदला किंवा चतुर्थीला रजेवर नव्हे तर कायमचा घरी परतलेला आपला मुलगा पस्तीशीच्या आतबाहेर असेल आणि त्याच्यापुढे आयुष्य पडलेले असेल. त्या आयुष्याची तरतूद त्याने सेवेत असतानाच करून ठेवावी, आणि ती करण्यास त्याला घराने व ट्रस्टने हात द्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.